दुकानातली रोजची तूट : कामगारांवर संशय घ्यायचा की नाही?

कंदीपेढा | ८ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं मिठाई-फरसाणचं दुकान आहे. सासऱ्यांनी १९८९ साली सुरू केलं, गेली सहा वर्षं मी बघते. भट्टीवर दोघं, काउंटरवर तिघं आणि वरकामाला एक जण, अशी सहा माणसं आहेत.

यंदा जानेवारीपासून एक नवीन शिस्त लावली. भट्टीतून काउंटरला जाणारा माल वजन करून वहीत लिहायचा आणि महिनाअखेरीला विक्रीशी मेळ घालायचा. मागच्या तीन महिन्यांत दर महिन्याला साधारण ४४ किलो माल कमी भरतोय. सरासरी ४८० रुपये किलो धरले तरी महिन्याला एकवीस हजार होतात. काउंटरच्या माणसाच्या एका पगारापेक्षा ही रक्कम जास्त आहे.

चार कॅमेरे आहेत. रात्री जागून चित्रण पाहिलं, काही दिसलं नाही. काउंटरवरचे एक काका २२ वर्षांपासून आमच्याकडे आहेत. दुकानाची एक किल्ली त्यांच्याकडे असते. बाकीचे दोघं तरुण आहेत. कुणावर बोट ठेवू? मला झोप लागत नाही. तुमच्याकडे छोटा धंदा असेल तर हे कसं थांबवता ते सांगा. गणपतीची गर्दी सुरू व्हायच्या आत मला याचा निकाल लावायचा आहे.

सरळमार्गी | ८ जून, रात्री ११:१५

ताई, यात विचार करण्यासारखं काही नाही. सगळ्यांना एकत्र बसवा आणि सांगा की पुढच्या महिन्यापासून जी तूट येईल ती सहा जणांच्या पगारातून सारखी वाटून कापणार. आठ दिवसांत चोर कोण ते बाकीचे पाचजणच सांगतील. आमच्या हार्डवेअरच्या दुकानात वडिलांनी हेच केलं होतं.

लेथवाला | ९ जून, सकाळी ७:४०

आमचं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे, १४ माणसं. आमच्याकडे चोरी मालाची होत नाही, भंगाराची होते. पितळेचा बुरा आणि झिजलेले कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे लेथवर धातू कापणारी छोटी पाती. इन्सर्ट नखाएवढे असतात, पण भंगारात किलोवर चांगला भाव येतो. खिशातून मूठभर गेले तरी कळत नाही. आता नवीन इन्सर्ट हवा असेल तर जुना जमा करायचा, असा नियम आहे. जुना नाही तर नवा नाही. त्या एका नियमाने नव्याचा खपही कमी झाला.

पण मला खरा फटका बसला तो वजनकाट्यावर. भंगारवाल्याचा टेंपो आधी रिकामा मोजतात, मग भरलेला, आणि फरक म्हणजे आपला माल. आमचा वॉचमन आणि टेंपोवाला एकमेकांना सामील होते. रिकामा मोजताना टेंपोत दगड आणि दोन माणसं असायची, भरताना ती उतरायची. रिकाम्या गाडीचं वजन जास्त दिसलं की आपला माल तेवढाच कमी होतो. दीड वर्ष चाललं होतं. शेवटी बुऱ्याचे ड्रम आत शेडमध्येच मोजून, नंबर टाकून ठेवायला लागलो, तेव्हा फरक दिसला.

सांगायचं एवढंच की तुम्ही काउंटरकडे बघताय, पण माल दुसऱ्याच दाराने जात असेल. वरकामाचा माणूस, डिलिव्हरी, भट्टीचं मागचं दार, सगळं बघा.

रोजमेळ | ९ जून, सकाळी ९:०५

मी हिशोबनीस आहे, पंचवीसेक छोट्या दुकानांची वह्या-पुस्तकं बघतो. कंदीपेढा ताई, आधी तीन प्रश्न. भट्टीतून आलेला माल वजन करून वहीत लिहितं कोण? बिल करतं कोण? आणि पैसे घेतं कोण?

माल देणारा, पैसे घेणारा आणि वही लिहिणारा हा एकच माणूस असेल तर तो कितीही सचोटीचा असो, तुमची व्यवस्था उघडी आहे. दुकान छोटं असल्यामुळे तीन माणसं नेमता येत नाहीत हे मान्य. मग निदान शेवटची बेरीज तुम्ही स्वतः करा आणि ती रोज करा. महिनाअखेरीच्या ४४ किलोंमधून काहीच कळत नाही. रोजचा दीड किलो कुठल्या वारी वाढतो, कुठल्या वारी कमी होतो, त्या दिवशी कोण होतं, हे कळायला लागतं.

हिशोब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर एडिट लॉगवाली आवृत्ती सुरू करा. नोंद कुणी, कधी बदलली ते राहतं. कंपन्यांना अशी नोंद ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. आपल्यासारख्या मालकीच्या दुकानांना नाही, पण सोय सगळ्यांना आहे.

आणि सरळमार्गी, सगळ्यांच्या पगारातून सारखी कपात करू नका. कायद्याचं जाणकार कुणी सांगेलच.

दोन_रुपये | ९ जून, सकाळी ११:३०

ताई, राग मानू नका. पगार किती देता? सुट्ट्या किती?

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन गुन्हेगारीतज्ज्ञाने अपहारासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ साली एक मांडणी केली. भरवशाचा माणूस फिरतो तेव्हा तीन गोष्टी जमून आलेल्या असतात. कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी आलेली संधी, आणि ‘हे काही फार वाईट नाही’ अशी मनाची घातलेली समजूत. कुलूप आणि कॅमेरा फक्त संधीवर इलाज करतात. बाकीच्या दोन गोष्टी मालकाच्या वागण्यात असतात. ओव्हरटाइमचे पैसे बुडवले की ‘मी माझेच घेतोय’ ही समजूत आपोआप तयार होते.

कंदीपेढा | ९ जून, दुपारी ३:१०

@रोजमेळ, वजन भट्टीचा माणूस करतो, वही काका लिहितात. बिल काउंटरवरचे तिघंही करतात. पैसे बहुतेक काकाच घेतात, गर्दीत तिघंही. तुम्ही म्हणता तसं उघडं आहे खरं.

@दोन_रुपये, राग अजिबात नाही. काउंटरला १४,५०० ते १६,०००, काकांना १९,०००. दोन वेळचा चहा-नाश्ता, आठवड्याला सुट्टी, दिवाळीला एक पगार बोनस. माणसं सहाच असल्यामुळे ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, लागू नाही. दवाखान्याला उचल लागली तर देते, पगारातून हप्त्याने वळती करते. मागच्या वर्षी एकाच्या आईच्या ऑपरेशनला दिली होती.

सरळमार्गी | ९ जून, दुपारी ४:००

म्हणजे पगारही ठीक, उचलही मिळते, तरी एकवीस हजार जातात. दोन_रुपये, दर वेळी मालकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं का? आमच्या दुकानात पूर्ण पगार, बोनस सगळं देऊनही पितळी कोयंडे नि नळ गेले. काही माणसं चोरच असतात.

पाटीपेन्सिल | ९ जून, सायं ६:२०

औषधांचं दुकान आहे, म्हणून त्यातला प्रकार सांगते. आम्ही ओळखीच्या गिऱ्हाइकांना दहा टक्के सूट देतो. एक मुलगा अनोळखी गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे घ्यायचा, बिलात मात्र सूट दाखवायचा. माल बरोबर, गल्ला बरोबर, बिल बरोबर. मेळ कसा चुकणार? उधारीची दोन माणसं वगळता बाकी कुणी बिल मागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पकडलं गेलं कशावरून, तर सूट दिलेल्या बिलांची माणसागणिक बेरीज काढली. त्याच्या हातून इतरांच्या तिप्पट सूट गेलेली. तेव्हापासून सूट, परतीचा माल आणि रद्द बिलं या तीन गोष्टी मी रोज रात्री नावानिशी बघते. दहा मिनिटांचं काम आहे.

खानावळ | ९ जून, रात्री ९:४५

पाटीपेन्सिलताईंनी लाख मोलाचं सांगितलं. आमचं मिसळीचं हॉटेल आहे. तिथे मिसळ किती गेली ते रस्सा-फरसाणावरून कळत नाही, कारण रस्सा कितीही वाढतात. आम्ही पाव मोजतो. सकाळी पाव किती आले, रात्री किती उरले, जादा पावाची बिलं किती, भागा दोनने. त्या दिवशी विकलेल्या प्लेटांचा आकडा समोर येतो, आणि तो बिलांशी जुळायलाच हवा.

प्रत्येक धंद्यात असा एक ‘पाव’ असतो. ताई, तुमच्याकडे खोके आणि पिशव्या आहेत. पाव किलोचे, अर्ध्या किलोचे खोके सकाळी मोजून द्या, रात्री मोजून घ्या. माल वजनावर असतो, खोका नगावर असतो. ७० खोके गेले आणि बिलं ६१ असतील तर नऊ गिऱ्हाइकं बिलाशिवाय गेली.

शिवाय आमच्याकडे चिठ्ठी आल्याशिवाय आचारी ताट देत नाही, मालक आला तरी नाही. मी स्वतः चिठ्ठी फाडून जेवतो.

नोझल_नं_३ | १० जून, सकाळी ६:३०

पेट्रोल पंपावर अकरा वर्षं मॅनेजर आहे. आमचा हिशोब सगळ्यात सोपा असायला हवा, कारण प्रत्येक नोझलच्या यंत्रात सुरुवातीपासून किती लिटर गेलं त्याचा आकडा असतो आणि तो मागे फिरत नाही. पाळी बदलताना आकडा लिहायचा, दोन आकड्यांचा फरक गुणिले दर बरोबर रोकड, कार्ड, यूपीआय आणि उधारीच्या चिठ्ठ्या.

तरी पळवाट होती. पाच लिटरच्या मापाने तपासणी करतात, ते पेट्रोल परत टाकीत ओततात आणि विक्रीतून वजा करतात. एक जण तपासणी न करताच ‘टेस्टिंग ५ लिटर’ लिहायचा. म्हणजे त्या पाच लिटरचे पैसे त्याचे. आता टेस्टिंगला दुसऱ्याची सही लागते.

‘वजा’ करायची जागा जिथे असेल तिथे बघा. ताई, तुमच्या वहीत चव देणं, तुटलेला माल, खराब झालेला माल असे रकाने आहेत का?

कंदीपेढा | १० जून, सकाळी ८:१५

खराब झालेल्या मालाचा आहे. चवीचा नाही. चव तर प्रत्येक जण मागतो!

जुनीपानं | १० जून, दुपारी १२:००

थोडं अवांतर. गल्ल्याचं यंत्र, म्हणजे कॅश रजिस्टर, मुळात याच दुखण्यातून जन्मलं आहे. ओहायोतल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा सलूनमालक होता. त्याचे नोकर पैसे परस्पर खिशात घालायचे. १८७८ मध्ये युरोपला जाताना जहाजाच्या इंजिनखोलीत पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र त्याला दिसलं आणि त्याच्या मनात आलं की फेरे मोजता येतात तर पैसे का नाही? १८७९ मध्ये भावासोबत त्याने पेटंट घेतलं. यंत्राला घड्याळासारखी मोठी तबकडी होती आणि घेतलेली रक्कम गिऱ्हाइकालाही दिसायची. खरी युक्ती त्या तबकडीत आहे. गिऱ्हाईक साक्षीदार झालं. तुमच्या काट्याचा आणि बिलाचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूलाही दिसतो का ते बघा.

आपल्याकडे तर हा विषय त्याहून कितीतरी जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सरकारी धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार दिले आहेत. पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते जसं कळत नाही, तसं कामावरचा माणूस धन कधी खातो ते कळत नाही, हा प्रसिद्ध दाखलाही तिथलाच. पण तो पुढे उपायही सांगतो. एका खात्यावर एकापेक्षा जास्त प्रमुख ठेवावेत आणि ते कायम ठेवू नयेत. म्हणजे रोजमेळ यांनी काल सकाळी सांगितलं तेच!

जर्सीकर | १० जून, रात्री ८:३०

न्यू जर्सीत माझं कोपऱ्यावरचं दुकान आहे, दूध-ब्रेड, कॉफी आणि लॉटरी. इथे सगळ्यात जास्त हात मारला जातो तो खरवडायच्या लॉटरी तिकिटांवर, कारण ते तिकीट म्हणजे जवळपास रोकडच. प्रत्येक तिकिटावर क्रमांक असतो. पाळी बदलताना प्रत्येक गठ्ठ्याचा क्रमांक जाणारा नि येणारा दोघं मिळून लिहितात, दोघं सही करतात. पुढे वाद राहत नाही.

एका नातेवाइकाने मला सल्ला दिला होता की खोटं पकडायच्या यंत्रावर बसव सगळ्यांना. इथे १९८८ च्या कायद्याने खासगी मालकांना ते जवळपास पूर्ण बंद आहे. आणि बरंच झालं बंद आहे ते.

काउंटरपलीकडचा | १९ जून, रात्री ११:४०

दहा दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

मी २००६ साली पुण्यातल्या एका पेठेत कापडाच्या दुकानात कामाला होतो. वय १९, पगार २,२०० रुपये. गणवेशाच्या पॅंटला मुद्दाम खिसे शिवलेले नव्हते. रात्री शटर अर्धं ओढून फुटपाथवर रांगेत उभं करायचे आणि डबा, पिशवी उघडून दाखवायला लावायचे. समोरच्या दुकानातली पोरं बघायची. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने एकदा मला त्या रांगेत पाहिलं.

एका महिन्यात शर्टपीस कमी भरले. आम्हा तिघांच्या पगारातून प्रत्येकी चारशे कापले. माझ्या घरात त्या महिन्यात किराणा उधारीवर आणला. आईने एकदाच विचारलं, ‘तू घेतलंस का रे?’ ती माझी आई होती, तरी विचारलं. मालकाच्या शब्दाला केवढं वजन असतं बघा.

चार महिन्यांनी कळलं की पुरवठादाराच्या गठ्ठ्यातच नग कमी येत होते. कुणी फोडून मोजलेच नव्हते. मालकाने त्या पुरवठादाराकडून रक्कम वसूल केली. आमचे चारशे परत दिले नाहीत आणि ‘तुम्ही नव्हतात’ हे एक वाक्यही बोलले नाहीत. मी सोडलं. माझ्याबरोबरचा एक जण राहिला, आणि त्याने नंतर खरंच चोरी केली. मला म्हणाला, ‘नाव झालंच आहे तर निदान पैसे तरी मिळू देत.’

आज माझं मोबाईलच्या सामानाचं दुकान आहे, दोन पोरं कामाला आहेत. आलेलं प्रत्येक पार्सल आम्ही तिघं मिळून फोडतो आणि मोजतो. रात्री गल्ला मोजतानाही तिघं असतो. पिशवी मी कधी तपासली नाही. सरळमार्गी दादा, तुमच्या वडिलांच्या दुकानातले नळ कुणी नेले ते नक्की कळलं होतं का?

सरळमार्गी | २० जून, सकाळी ७:१०

दादा, तुमचं वाचून रात्रभर विचार केला. खरं सांगतो, कुणी नेले ते नक्की कळलं नव्हतं. दोघं जण सोडून गेले, म्हणून आम्ही तेच चोर असं धरलं. पगार सगळ्यांचाच कापला होता. वडिलांना विचारेन.

कोर्टाची_पायरी | २० जून, दुपारी १:३०

उशिरा आले, पण कायद्याचं सांगते.

नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६, जुन्या दंड संहितेतलं ३८१. सोपवलेला माल किंवा पैसा स्वतःकडे वळवला तर कलम ३१६(४), जुनं ४०८. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना नवी कलमं लागतात.

आता मालकांनी करू नये ते. कबुलीसाठी माणसाला खोलीत कोंडलं तर तो तुमच्यावरचा गुन्हा आहे, कलम १२७. मारून, धमकावून लिहून घेतलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही. बायकांच्या कपडे बदलायच्या जागी कॅमेरा लावणं तर गंभीर गुन्हा आहे, कलम ७७. तो चोरी पकडायला लावला होता असं सांगून सुटका होत नाही.

पगारकपातीचं म्हणाल तर, ज्या माणसाच्या ताब्यात तो माल किंवा पैसा स्पष्टपणे दिला होता आणि त्याच्याच हलगर्जीमुळे नुकसान झालं, त्याच्याकडून, तेही आधी त्याचं म्हणणं ऐकून घेऊन, वसुली करता येते. ‘सगळ्यांचं थोडं थोडं कापतो’ हे यात कुठेच बसत नाही. काउंटरपलीकडचा, तुमचे ते चारशे बेकायदा कापले होते.

ज्यांच्याकडे रोकड जास्त असते त्यांनी विम्याच्या एजंटाला फिडेलिटी गॅरंटीबद्दल विचारा. नोकराच्या अपहाराने झालेलं नुकसान त्यात भरून मिळतं. पण विमा कंपनीही आधी तुमच्या वह्या तपासेल.

लेथवाला | २० जून, सायं ५:००

कुणी यूपीआयचं लिहिलंच नाही. आमच्या शेजारच्या चहावाल्याच्या पोराने मालकाच्या क्यूआरवर स्वतःचा चिकटवला होता, फक्त दुपारच्या वेळी. आवाज करणारा डबा मुका झाला म्हणून कळलं. रोज सकाळी स्वतःच्या फोनवरून एक रुपया पाठवून नाव बघा. माणसांना फोनवर नुसतं आलेलं पेमेंट बघायची सोय द्या, काढायची नको.

हुपरीकर | २१ जून, सकाळी १०:२०

आमचा चांदीचा धंदा, तीन पिढ्यांचा. सगळे चोर कसा पकडायचा ते सांगताहेत. मला एकच विचारायचंय. कंदीपेढा ताई, तुमची घट किती?

आम्ही कारागिराला चांदी वजन करून देतो, दागिना वजन करून घेतो. वितळवताना, घासताना, चकाकी देताना मधे काहीतरी जातंच. ते किती जावं हे कामागणिक ठरलेलं असतं. ठरल्यापेक्षा जास्त गेलं की मग प्रश्न विचारायचा. दुकानातला केरसुद्धा आम्ही फेकत नाही, तो झारेकऱ्यांकडे जातो आणि धुऊन त्यातून चांदी निघते. माझे आजोबा म्हणायचे, आधी केर धू, मग माणसाचा खिसा बघ.

तुमचे महिन्याला ४४ किलो जातात म्हणता. ३८-४० हजारांची रोजची विक्री असेल असा अंदाज धरला, तर तुमच्या ४८० च्या भावाने महिन्याला २,४००-२,५०० किलो माल जातो. त्यात ४४ म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. खव्याची मिठाई ताटात सुकते. शेवेचा चुरा होतो. चव जाते. काटा थोडा इकडे तिकडे होतो. यातलं किती मोजलंत? घट ठाऊक नसेल तर चोरी मोजणार कशाशी?

आणि काट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, यंदाचा शिक्का आहे ना, तेही बघा.

रोजमेळ | २१ जून, सकाळी १०:४५

हुपरीकर, हात जोडतो. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

खानावळ | २१ जून, सकाळी ११:००

आणि खोक्याचं वजन मालात धरता का? धरत असाल तर तूट येण्याऐवजी माल शिल्लक राहायला हवा.

कंदीपेढा | २१ जून, दुपारी २:३०

नाही, खोका ठेवून काटा शून्य करतो, मग माल घालतो. शिक्का फेब्रुवारीतला आहे. घट मोजलेली नाही. मोजते आणि येते.

कंदीपेढा | ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

सहा आठवडे झाले. सगळं सविस्तर सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

पहिल्यांदा खव्याच्या मालाची ताटं सकाळी आणि रात्री मोजली. रोज पंचवीस किलोच्या आसपास पेढे-बर्फी असते, दिवसात अडीचशे ग्रॅम सुकून जाते. महिन्याला साडेसात किलो.

मग मी दुसरा काटा घेऊन काउंटरच्या टोकाला बसले आणि बांधलेली प्रत्येक पिशवी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी पुन्हा वजन केली. सलग चार दिवस, दिवसाला दीडशेच्या आसपास वजनं. तिघांपैकी एकाचंही वजन कमी नव्हतं. प्रत्येकाचं जास्त होतं, सरासरी सहा ग्रॅम. पाव किलो म्हणजे २५६, अर्धा किलो म्हणजे ५०६. सहा ग्रॅम म्हणजे शेवेची एक चिमूट. पण दीडशे वेळा सहा म्हणजे दिवसाला ९०० ग्रॅम, महिन्याला २७ किलो.

मी तरुण पोरांना विचारलं, असं का करता? ते म्हणाले, ‘काकांनी शिकवलं, काटा झुकता ठेवायचा.’ काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘तुमच्या सासऱ्यांनी शिकवलं.’ जुन्या तागडीच्या काळात सासरे म्हणायचे की पारडं गिऱ्हाइकाकडे झुकलेलं दिसलं पाहिजे. तागडी गेली, इलेक्ट्रॉनिक काटा आला, हात तसाच राहिला. सासूबाईंना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं.

राहिले साडेनऊ किलो. त्यातली चव किती, बिलाशिवाय किती, ते सांगता येणार नाही. खोके मोजायला लागलो, काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवला, वही आता भट्टीवाला लिहितो, गल्ला आळीपाळीने, रात्रीचा मेळ मी घालते. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात हिशोबाबाहेरची तूट दोन किलोच्या आत आली. आधी कुणी काही नेत होतं का? असेलही. मी आता ते उकरून काढणार नाही.

आता जे लिहायला जड जातंय ते. १८ जूनच्या रात्री, काउंटरपलीकडचा यांचं लिखाण वाचायच्या एक दिवस आधी, मी काकांना सगळ्यांसमोर डबा उघडायला लावला होता. डब्यात सकाळची उरलेली अर्धी भाकरी होती. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले, दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि कामाला लागले. बावीस वर्षं ती किल्ली त्यांच्याकडे होती. काही बोलले नाहीत. चारचा चहा ते माझ्याबरोबर घ्यायचे, तेव्हापासून भट्टीत घेतात.

२७ किलोंचा हिशोब लागला त्या दिवशी मी सगळ्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोरच त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, ‘बरं.’ एवढंच. किल्ली मी त्यांच्यासमोर धरली, त्यांनी घेतली नाही. ती गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे.

काउंटरपलीकडचा | ४ ऑगस्ट, सकाळी ६:१५

ताई, तुम्ही सगळ्यांसमोर मागितलीत हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वेळ द्या. किल्ली खिळ्यालाच राहू द्या, काढून आत ठेवू नका.

सरळमार्गी | ४ ऑगस्ट, सकाळी ९:००

वडिलांशी बोललो. सोडून गेलेल्या दोघांपैकी एकाचा पत्ता लागला. रविवारी जाऊन त्याचे कापलेले पैसे देऊन येणार आहे. वडीलही येतो म्हणाले.

रोजमेळ | ४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

ताई, ते सहा ग्रॅम आता बंद केलेत का? हिशोबनीस म्हणून विचारतो, २७ किलो म्हणजे महिन्याला तेरा हजार होतात.

कंदीपेढा | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४५

नाही केले. सासऱ्यांची रीत आहे आणि गिऱ्हाईक त्यावरच टिकलंय असं मला वाटतं. फक्त वहीत ‘झुकतं माप’ असा रकाना आखला आहे. चवीचाही वेगळा रकाना केला, @नोझल_नं_३.

दोन_रुपये | ४ ऑगस्ट, सायं ५:१०

असा रकाना असलेली वही मी पहिल्यांदाच ऐकतोय. फार आवडलं.

हुपरीकर | ११ ऑगस्ट, सकाळी १०:००

गणपतीची तयारी कुठवर आली ताई? मोदक वजनावर की नगावर?

कंदीपेढा | १२ ऑगस्ट, रात्री १०:३०

दुपारी काकांनी आपण होऊन हेच विचारलं. डब्याच्या प्रकारानंतर कामापलीकडचं पहिल्यांदाच काही बोलले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, ‘नगावर. एकवीस घेणाऱ्याला बावीसावा द्यायचा आणि तो वहीत लिहायचा.’ साचे घासून ठेवलेत, उद्यापासून सुरुवात. किल्ली अजून खिळ्यालाच आहे.